ऑनलाईन खरेदीच्या काळात लेखनसामग्रीची दुकाने : नफ्याच्या रचनेचा एक अभ्यास

सारांश

ऑनलाईन खरेदीचा प्रसार झाल्यानंतर लेखनसामग्रीची, म्हणजेच स्टेशनरीची दुकाने टिकणार नाहीत असे अनुमान अनेकांनी केले होते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावांत शाळा, महाविद्यालय, न्यायालय आणि तहसील कचेरी यांच्या आसपास ही दुकाने आजही व्यवसाय करीत आहेत. या दुकानांचा नफा नेमका कोठून येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सुट्या वस्तूंची विक्री, साठ्याच्या उलाढालीचा वेग, छायाप्रत व बांधणीसारख्या सेवा, वर्षभर पसरलेले हंगाम आणि संस्थांची खाती या पाच घटकांवर हा नफा उभा आहे. यांपैकी शेवटचा घटक सर्वांत मोठा आधार आहे आणि सर्वांत मोठा धोकाही त्यातच आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : लेखनसामग्री, किरकोळ व्यापार, ऑनलाईन खरेदी, साठ्याची उलाढाल, संस्थात्मक उधारी

प्रस्तावना

ऑक्टोबर २००७ मध्ये बंगळूरू येथे फ्लिपकार्टचा प्रारंभ झाला, तो पुस्तकांच्या विक्रीपासून. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात आपली बाजारपेठ खुली केली. पुढील काही वर्षांत भ्रमणध्वनी, कपडे आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीने वह्या, पेन, फाईली आणि छपाईचा कागदही घरबसल्या मागविता येऊ लागला. पुस्तकविक्रेत्यांना या बदलाची झळ प्रथम बसली. पुस्तक आणि लेखनसामग्री यांची दुकाने बहुधा शेजारी शेजारी, कित्येकदा एकाच छताखाली असल्यामुळे दुसऱ्या व्यवसायाचेही तेच होईल असे वाटणे स्वाभाविक होते.

पुण्यातील अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईतील महात्मा फुले मंडईजवळचा अब्दुल रेहमान स्ट्रीट या भागांतून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फेरफटका मारला, तर हे अनुमान पूर्णपणे खरे ठरले नाही हे लक्षात येते. अर्थात गर्दी म्हणजे नफा नव्हे. दुकान चालू आहे एवढ्यावरून ते फायद्यात आहे असेही म्हणता येत नाही. जागा स्वतःची असल्यामुळे भाड्याचा हिशेब न धरता आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल न मांडता चालणारी दुकानेही पुष्कळ आहेत. म्हणून या व्यवसायाचा विचार भावनेने न करता नफ्याच्या रचनेच्या अंगाने करणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी या विषयाला आणखी एक महत्त्व आहे. खरेदी समितीचे सदस्य या नात्याने ते या दुकानांचे ग्राहक असतात आणि त्यांचे निर्णय या व्यवसायावर प्रत्यक्ष परिणाम करतात.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) लेखनसामग्री या वस्तूचे विक्रीच्या दृष्टीने असलेले वेगळेपण स्पष्ट करणे.
२) दुकानाच्या नफ्याचे घटक व त्यांचे परस्परसंबंध तपासणे.
३) संस्थात्मक खरेदी व उधारी यांचा या नफ्यावर होणारा परिणाम समजून घेणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून, कायदे, शासकीय निर्णय आणि प्रसिद्ध घडामोडी यांचा आधार घेतला आहे. नफ्याच्या गणिताची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली आहेत. ती कोणत्याही विशिष्ट दुकानाची नाहीत.

१. लेखनसामग्रीचे वेगळेपण

ऑनलाईन विक्रीचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या पाठवणीवर अधिक अवलंबून असतो. गोदामातून वस्तू काढणे, ती बांधणे, वाहून नेणे आणि दारापर्यंत पोचविणे हा खर्च दहा रुपयांच्या पेनासाठी आणि दहा हजारांच्या भ्रमणध्वनीसाठी फारसा निराळा नसतो. पेनाची किंमत १० रुपये, त्यावरील नफा २ रुपये आणि पाठवणीचा खर्च ४० रुपये असे मानले, तर एका पेनाची ऑनलाईन विक्री अशक्यच ठरते. म्हणून ऑनलाईन विक्रेता दहा किंवा पन्नास पेनांचा संच विकतो, अथवा ठरावीक रकमेच्या खरेदीची अट घालतो. दुकानदार मात्र एक पेन, एक कार्डशीट, पाच पाकिटे आणि दोन रुपयांच्या टाचण्याही विकतो. वस्तू घरापर्यंत नेण्याचा खर्च येथे ग्राहक स्वतःच्या चालण्याने भरून देतो आणि तो कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

वजन आणि आकार या दोन गोष्टींचाही विचार करावा लागतो. ७५ जीएसएमच्या ए-४ कागदाच्या ५०० पानांच्या एका रीमचे वजन सुमारे २.३४ किलो भरते. दहा रीमांचे खोके २३ किलोंच्या पुढे जाते. अशा जड परंतु स्वस्त वस्तूची वाहतूक जितकी दूरची, तितका तिच्यावरील नफा घटतो. कार्डशीट किंवा चित्रकलेचा मोठा कागद वजनाने हलका असला तरी त्याला घडी पडून चालत नाही. तो नळीत गुंडाळून पाठविल्यास नळीचा खर्च कागदाहून अधिक होतो.

तिसरे वैशिष्ट्य निकडीचे आहे. प्रकल्प उद्या सादर करावयाचा आहे हे मुलाला रात्री आठ वाजता आठवते. परीक्षा विभागाला पुरवणी बांधण्याचा दोरा सकाळी साडेदहालाच हवा असतो. स्टॅम्प पॅड कोरडे पडले आहे हे शिक्का मारण्याच्या वेळीच कळते. लेखनसामग्रीची मागणी बहुतेक वेळा एखादे काम अडल्यावर निर्माण होते. अशा वेळी दोन रुपये वाचविण्यापेक्षा काम पुढे जाणे ग्राहकाला महत्त्वाचे वाटते. १९३७ मध्ये रोनाल्ड कोस यांनी व्यवहारखर्चाची जी संकल्पना मांडली, तिच्या आधारे असे म्हणता येईल की वस्तूची छापील किंमत ही ग्राहकाच्या एकूण खर्चाचा केवळ एक भाग असते. शोध, प्रतीक्षा, चुकीची वस्तू आल्यास ती परत करणे आणि दरम्यान काम थांबणे हेही खर्चच होत.

२. नफ्याचे गणित : टक्केवारी आणि उलाढाल

किरकोळ व्यापारातील नफा केवळ टक्केवारीवरून मोजणे ही एक सर्वसाधारण चूक आहे. गुंतविलेला रुपया वर्षातून किती वेळा फिरतो, यावर खरे उत्पन्न ठरते.

समजा, एका दुकानदाराने छपाईच्या कागदात १०,००० रुपये गुंतविले. खरेदी किमतीवर त्याला केवळ ५ टक्के नफा मिळतो. परंतु कागद पंधरवड्यात संपतो आणि साठा वर्षातून २४ वेळा फिरतो. या गुंतवणुकीवर वर्षाला १२,००० रुपये ढोबळ नफा होतो. तेवढीच रक्कम त्याने बॉक्स फाईली, पंचिंग मशीन, स्टॅम्प पॅड, टॅग आणि टाचण्यांत गुंतविली. येथे नफा ४० टक्के, मात्र साठा वर्षातून तीनच वेळा फिरतो. नफा पुन्हा १२,००० रुपयेच येतो. तिसऱ्या गटात महागडे रंग व कलासाहित्य आहे. त्यावर ५० टक्के नफा मिळत असला तरी साठा दोन वर्षांतून एकदाच फिरतो. वर्षाचा नफा केवळ २,५०० रुपये पडतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ऑनलाईन किमतीशी तुलना प्रामुख्याने पहिल्या गटाची होते. कागदाच्या रीमचा किंवा नामांकित कंपनीच्या वहीचा भाव ग्राहकाला पाठ असतो. ट्रेझरी टॅगच्या जुडीचा भाव कोणी पाहून ठेवत नाही. म्हणून अनुभवी दुकानदार पहिल्या गटात भाव जवळपास ऑनलाईनइतका ठेवतो आणि दुसऱ्या गटातून आपला खर्च भागवितो. पहिला गट परवडत नाही म्हणून बंद केला, तर दुसऱ्या गटाचा ग्राहकही दुकानात येत नाही.

दुसरी गोष्ट तिसऱ्या गटाशी संबंधित आहे. क्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये ‘लाँग टेल’ ही कल्पना मांडली. क्वचित मागणी असलेल्या असंख्य वस्तू मिळून मोठी बाजारपेठ तयार होते आणि जागेचे बंधन नसलेला ऑनलाईन विक्रेता ती काबीज करू शकतो, असे तिचे सार आहे. विशिष्ट टोकाचे आयात पेन किंवा दुर्मीळ छटेचा रंग या बाबतीत ही कल्पना खरी ठरली आहे. अशा वस्तूंत दुकानदाराने स्पर्धा करणे म्हणजे फळीवर भांडवल अडकवून ठेवणे होय. मर्यादित जागेत परिसराला रोज लागणाऱ्या वस्तू न चुकता असणे आणि न लागणाऱ्या वस्तू नसणे, ही दोन्ही कौशल्ये त्याच्यासाठी सारखीच महत्त्वाची ठरतात.

हे कौशल्य परिसराच्या ओळखीतून येते. कोणत्या शाळेला दुरेघी वही चालते आणि कोणत्या शाळेला चौरेघी, कोणत्या महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक जर्नलला कोणत्या रंगाचे आवरण लागते, न्यायालयात दाखल करावयाच्या कागदाला समास किती सोडावा लागतो, ही माहिती दुकानाच्या गल्ल्यामागे असते. पालकाने मुलाची इयत्ता व शाळा सांगितली की पूर्ण संच बाहेर येतो. ही माहितीही एक प्रकारचे भांडवल असून ती दुकानदाराला विनामूल्य मिळालेली नसते.

एकाच रस्त्यावर अनेक दुकाने असणे वरकरणी हानिकारक वाटते. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये विक्रेते एकमेकांजवळ का सरकतात याचे विवेचन केले होते. अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी त्यापुढचा लाभही दिसतो. एका दुकानात न मिळालेली वस्तू शेजारी मिळेल या खात्रीने दूरचा ग्राहक येतो. ही खात्री संपूर्ण चौकाने मिळून निर्माण केलेली असते.

३. वस्तूला सेवेची जोड

छायाप्रत, संगणकावरून छपाई, स्पायरल बांधणी, लॅमिनेशन, रबरी शिक्के आणि प्रबंधाची सोनेरी अक्षरांतील पक्की बांधणी या सेवांनी अनेक दुकानांचे अर्थकारण बदलून टाकले आहे. या सेवांत कागद, शाई आणि वीज यांचा खर्च प्रत्येक प्रतीमागे थोडा असतो. यंत्राची किंमत, दुरुस्ती आणि माणसाचा पगार हा खर्च मात्र प्रती कमी निघोत वा जास्त, करावाच लागतो. त्यामुळे ठरावीक संख्येपर्यंत यंत्र तोट्यात असते आणि ती संख्या ओलांडल्यावर प्रत्येक प्रत नफ्यात भर घालते. महाविद्यालयाच्या फाटकासमोरील दुकान आणि वसाहतीतील दुकान यांच्यातील फरक येथेच पडतो.

ही सेवा ऑनलाईन बाजारपेठेला सहज देता येत नाही. कारण मूळ कागदपत्र ग्राहकाच्या हातात असते. गुणपत्रिका, जातीचा दाखला किंवा जमिनीचा उतारा कोणी दोन दिवसांसाठी दुसऱ्याच्या स्वाधीन करीत नाही. प्रबंधाच्या बांधणीत एखादे प्रकरण उलटे लागले किंवा मुखपृष्ठावर मार्गदर्शकांच्या नावात चूक झाली, तर ती समोरासमोर दुरुस्त करून घेता येते. विद्यापीठात सादरीकरणाची मुदत संध्याकाळी पाचला संपत असताना या सोयीचे मोल प्रत्येक संशोधक जाणतो.

सेवेमुळे वस्तूंची विक्रीही वाढते. छायाप्रतीसाठी थांबलेला विद्यार्थी फाईल, प्लास्टिकचे पाकीट किंवा पेन घेऊन जातो. यूपीआय ही देयकप्रणाली २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर सुट्या पैशांची अडचणही बरीच कमी झाली. चार रुपयांच्या दोन प्रतींसाठी पन्नासची नोट मोडण्याची वेळ आता क्वचितच येते.

छायाप्रतीच्या व्यवसायाला एक कायदेशीर बाजूही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रत केंद्राविरुद्ध काही प्रकाशकांनी दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल दिला. अध्यापनाच्या प्रयोजनार्थ अभ्याससंचासाठी केलेल्या छायाप्रतींना कॉपीराईट कायद्यातील अपवाद लागू होतो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठीचा हा अपवाद व्यापक अर्थानेच घ्यावा असे म्हटले. महाविद्यालयाभोवतीच्या दुकानांच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा होता. तथापि संपूर्ण पाठ्यपुस्तकाची सरसकट प्रत काढून विकण्याची मुभा त्यातून मिळते, असा त्याचा अर्थ लावणे योग्य होणार नाही.

४. हंगामांची साखळी

लेखनसामग्रीचा व्यवसाय जूनपुरता आहे असा समज आहे. वस्तुतः टिकून राहिलेल्या दुकानांनी वर्षभराचे लहानमोठे हंगाम एकमेकांना जोडलेले असतात. जूनमध्ये शाळा उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालयीन प्रवेशाच्या कागदपत्रांची झुंबड असते. गणेशोत्सवात सजावटीचे रंगीत कागद व पुठ्ठे खपतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी लाल बांधणीच्या चोपड्या, रोजकीर्द व खतावणी घेतली जाते. हिशेब संगणकावर ठेवणारा व्यापारीही पूजेसाठी एक वही घेतोच. डिसेंबर-जानेवारीत दैनंदिनी व दिनदर्शिका, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेचे पॅड व कंपासपेट्या आणि ३१ मार्चपूर्वी कार्यालयांची वर्षअखेरीची खरेदी अशी ही साखळी आहे.

हंगामी मालाचा धोका असा की, उरलेला माल वर्षभर पडून राहतो आणि दैनंदिनी तर निरुपयोगीच होते. किती माल भरावा हा अंदाज चुकल्यास एका हंगामाचा नफा पुढील हंगामापर्यंत फळीवर अडकतो. ऑनलाईन स्पर्धेने या अंदाजाचे महत्त्व वाढविले आहे. पूर्वी उशिरा येणारा ग्राहक हमखास मिळत असे. आता त्याच्यापुढे पर्याय आहे.

५. संस्थात्मक खाते आणि उधारी

शाळा, महाविद्यालये, पतसंस्था, रुग्णालये, वकील आणि सनदी लेखापाल यांची कार्यालये ही दुकानाची स्थिर गिऱ्हाइके होत. एका दूरध्वनीवर माल पोचतो, चलनावर शिपाई सही करतो, महिन्याअखेर देयक जाते. नको असलेला माल परत घेतला जातो. परीक्षेच्या काळात रात्री दुकान उघडून कागद दिला जातो. या सेवेसाठी वेगळी रक्कम आकारली जात नाही. ती मालाच्या किमतीतच धरलेली असते.

संस्थेची खरेदी दरपत्रकांवर होते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत दरपत्रकाशिवाय करावयाच्या खरेदीची मूळ मर्यादा २५,००० रुपये ठेवण्यात आली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजेच ‘जेम’ हे संकेतस्थळ सुरू झाल्यावर शासकीय खरेदीचा मोठा भाग तेथे वळला. महाविद्यालयांत तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करण्याची पद्धत रूढ आहे. या तक्त्यात वस्तूचे नाव, दर आणि कर यांचे रकाने असतात. पोचविण्याचा काळ, माल परत घेण्याची तयारी आणि देयक किती दिवसांनी दिले जाते, यांना बहुधा रकाना नसतो. परिणामी दुकानदार ज्या सेवा पुरवितो त्या तक्त्यात शून्य ठरतात.

यातील सर्वांत मोठी न मोजलेली सेवा म्हणजे उधारी. ऑनलाईन खरेदीत किरकोळ ग्राहकाला रक्कम मागणी नोंदविताना किंवा माल घेताना द्यावी लागते. दुकानदाराचे देयक मात्र अनुदान येईपर्यंत, लेखापरीक्षणाचा आक्षेप मिटेपर्यंत किंवा व्यवस्थापनाची बैठक होईपर्यंत थांबते. समजा, एका संस्थेची वार्षिक खरेदी ३,००,००० रुपये असून तीत दुकानदाराचा ढोबळ नफा १५ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये आहे. त्याचे स्वतःचे २,५५,००० रुपये मालात गुंतले. देयके सरासरी सहा महिन्यांनी मिळाली आणि भांडवलावरील व्याज वर्षाला १२ टक्के धरले, तर केवळ व्याजापोटी १५,३०० रुपये गेले. ढोबळ नफ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग उधारीने खाल्ला. हीच देयके ४५ दिवसांत मिळाली असती तर व्याज सुमारे ३,७७० रुपये झाले असते. दोन्ही परिस्थितींतील ११,५०० रुपयांचा फरक ऑनलाईन स्पर्धेमुळे पडलेला नाही. तो ग्राहक संस्थेच्या देयकपद्धतीमुळे पडला आहे.

यावर कायद्याचे संरक्षण आहे असे अनेकांना वाटते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार पुरवठादाराचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही या उपक्रमांत स्थान दिले. परंतु हा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच मर्यादित ठेवला. विलंबित देयकांविषयीची तरतूद व्यापाऱ्यांना लागू करण्यात आली नाही. म्हणजे खडू बनविणाऱ्या लघुउद्योजकाला जे संरक्षण मिळते, ते खडू विकणाऱ्या दुकानदाराला मिळत नाही. त्याला कर्ज मिळणे सुलभ झाले, आपलीच येणी वसूल करणे मात्र सुलभ झाले नाही.

६. अमेरिकेतील दुकानसाखळ्यांचा अनुभव

लहान दुकानांची अडचण त्यांच्या लहानपणात आहे काय, हे तपासण्यासाठी मोठ्या दुकानांचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरते. अमेरिकेत १९८६ मध्ये स्टेपल्स आणि ऑफिस डेपो या दोन कंपन्या स्थापन झाल्या. गोदामासारख्या विशाल दुकानांत कार्यालयीन सामग्री स्वस्तात विकणे हे त्यांचे सूत्र होते. १९९७ मध्ये त्यांचे विलीनीकरण न्यायालयाने रोखले. कारण अशा दुकानसाखळ्यांची स्वतंत्र बाजारपेठ असून स्पर्धा घटल्यास भाव वाढतील असे मानले गेले. २०१३ मध्ये ऑफिस डेपो आणि ऑफिसमॅक्स यांच्या विलीनीकरणाला मात्र हरकत घेतली गेली नाही. तोपर्यंत किरकोळ ग्राहकापुढे ऑनलाईन विक्रेत्यांसह अनेक पर्याय उभे राहिले होते.

२०१६ मध्ये स्टेपल्स आणि ऑफिस डेपो यांनी पुन्हा एकत्र येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा न्यायालयाने तो पुन्हा रोखला. या वेळी चर्चेचा विषय दुकानात येणारा ग्राहक नव्हता. करार करून नियमित पुरवठा घेणाऱ्या मोठ्या संस्थांना ऑनलाईन बाजारपेठ हा पुरेसा पर्याय ठरत नाही, हा मुद्दा तेथे निर्णायक ठरला. २०१७ मध्ये स्टेपल्स ही कंपनी सायकॅमोर पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेने सुमारे ६.९ अब्ज डॉलरना विकत घेतली.

या इतिहासातून महाराष्ट्रातील दुकानांसाठी एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. केवळ भावावर उभे असलेले दुकान, ते कितीही मोठे असले तरी, अधिक स्वस्त विक्रेत्यापुढे असुरक्षित असते. छपाईसारख्या सेवा आणि संस्थांचा नियमित पुरवठा हे भाग तुलनेने अधिक टिकाऊ ठरतात. मोठ्या साखळीने जे करारान्वये केले, तेच काम तालुक्याचा दुकानदार ओळखीवर व वहीतील नोंदीवर करीत आला आहे.

७. आगामी आव्हाने

वरील विवेचनावरून या व्यवसायाला धोका नाही असे समजणे चुकीचे होईल. पहिले आव्हान जलद पोच देणाऱ्या सेवांचे आहे. निकडीची मागणी हा दुकानाचा बालेकिल्ला होता. काही मिनिटांत घरी माल पोचविणाऱ्या कंपन्यांनी मोठ्या शहरांत त्यालाच हात घातला आहे. २०२२ मध्ये ब्लिंकिटने गुरुग्राममध्ये छापील प्रती घरपोच देण्याची सेवा सुरू केली. ही सेवा दाट वस्तीच्या शहरांत शक्य होते. तालुक्याच्या ठिकाणी तिचा खर्च भागणे कठीण आहे. त्यामुळे महानगरातील वसाहतीचे दुकान आणि तालुक्यातील दुकान यांचे भवितव्य यापुढे सारखे राहील असे नाही.

दुसरे आव्हान मागणीच्याच बदलाचे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून शाळा बंद झाल्या, तेव्हा जूनचा हंगामच नाहीसा झाला. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने घालण्याचा निर्णय अंमलात आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. शासनाच्या एका निर्णयाने वह्यांच्या मागणीचा अंदाज कसा अस्थिर होतो, याचे हे उदाहरण आहे. कार्यालयीन कामकाज संगणकावर जात असल्यामुळे फाईल, टॅग आणि नोंदवही या अधिक नफ्याच्या वस्तूंची मागणी दीर्घकाळात घटण्याचा संभव आहे.

तिसरे आव्हान करव्यवस्थेतील गुंतागुंतीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर व शार्पनर यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, तर छपाईचा कागद १८ टक्क्यांच्या गटात गेला. करमाफ आणि करपात्र माल एकाच फळीवर आल्यामुळे भाडे व इतर खर्चांवर भरलेल्या कराची वजावट दोहोंत विभागावी लागते. करमाफ विक्रीच्या वाट्याची वजावट मिळत नाही. तसेच केवळ वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्यास नोंदणीसाठी ४० लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आहे. छायाप्रतीसारखी सेवाही देणाऱ्यास ती सामान्यतः २० लाख रुपये आहे. जी सेवा दुकानाला तारते, तीच त्याला लवकर नोंदणीच्या कक्षेत आणते.

निष्कर्ष व शिफारशी

लेखनसामग्रीची दुकाने केवळ जुन्या सवयीमुळे टिकलेली नाहीत. सुट्या, स्वस्त व निकडीच्या वस्तूंची पाठवणी महाग पडते, हे त्यांचे पहिले संरक्षण आहे. कमी नफ्याच्या पण वेगाने फिरणाऱ्या मालाने ग्राहक आणायचा आणि अधिक नफ्याच्या किरकोळ मालाने व सेवांनी खर्च भागवायचा, ही त्यांची कार्यपद्धती आहे. हंगामांची साखळी उत्पन्नाला सातत्य देते आणि संस्थांची खाती त्याला पाया पुरवितात. मात्र हा पाया दुकानदाराच्या भांडवलावर उभा आहे. संस्था देयक थकविते तेव्हा ती नकळत त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेत असते.

या अनुषंगाने महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांनी पुढील बाबींचा विचार करावा.
१) तुलनात्मक तक्त्यात दराबरोबर पोचविण्याचा काळ, माल परत घेण्याची अट आणि देयकाची मुदत यांचे रकाने असावेत.
२) कायद्याचे बंधन नसले तरी स्थानिक व्यापाऱ्यांची देयके ४५ दिवसांत देण्याचा ठराव करावा. मुदतीची हमी असल्यास दुकानदार दरात सवलत देऊ शकतो. कारण त्याचे व्याज वाचते.
३) वर्षभर लागणारा कागद एकत्रित मागणीने जेथे स्वस्त मिळेल तेथून घ्यावा. असे करताना निकडीच्या किरकोळ खरेदीसाठी स्थानिक दुकानाचे खाते चालू ठेवायचे असेल, तर त्या दुकानाला वर्षाच्या खरेदीतील काही निश्चित वाटा मिळेल असे पाहावे.

तिसरी शिफारस व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. वर्षाचा सारा कागद ऑनलाईन घेणारे महाविद्यालय परीक्षेच्या दिवशी सकाळी पुरवण्यांचा दोरा संपल्यावर फाटकासमोरच्या दुकानात धावते. तो दोरा तेथे मिळायचा असेल, तर उरलेले अकरा महिने ते दुकान चालले पाहिजे.